सिगारेट एकट्यानं सुटते का?

सिगारेट सोडायला औषध कशाला लागतं, हा आमच्या घरातला जुना प्रश्न आहे, आणि यांच्याकडे त्याचं उत्तर कायमचं ठरलेलं आहे: लागत नाही. यांनी बरीच वर्षं ओढली. मंडीदीपच्या कारखान्यात पाळ्या करताना ओढली, लग्नकार्यात ओढली, दवाखान्याच्या फाटकाबाहेर ओढली. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक जागी धूम्रपानाला देशभर बंदी आली, त्याच सुमारास एका सकाळी यांनी थांबवली. गोळी नाही, पट्टी नाही, गम नाही. तेव्हापासून ओळखीतलं कुणी सोडायचं म्हणालं की यांचा सल्ला एवढाच असतो: "ठरव आणि सोड."

यांची भाची नागपूरला छातीच्या विकारांची डॉक्टर आहे. ती आमच्याकडे भोपाळच्या मिसरोदला आली असताना वरच्या मजल्यावरचा भाडेकरू खाली आला. पांढुर्ण्याचा मुलगा, नोकरी मंडीदीपलाच. बायको सातव्या महिन्यात माहेरी गेलेली. ती बाळाला घेऊन परत येईल तेव्हा आपल्या कपड्यांनाही धुराचा वास नसावा, एवढीच त्याची इच्छा. "काका, गमबिम न खाता सुटेल का?" त्यानं विचारलं. त्यावर मामा-भाचीत जे बोलणं झालं ते इथे मांडते आहे. दोघांचंही म्हणणं मला मोलाचं वाटतं, आणि दोघांच्याही म्हणण्यात एक गोष्ट राहून जाते असंही वाटतं.

"सुटेल का म्हणजे काय? माझी सुटली," हे म्हणाले.

"मामा, तुमची सुटली हे खरं. पण तुमच्याइतकंच मनापासून ठरवलेली माणसं माझ्याकडे रोज येतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यांच्या हातात परत सिगारेट आलेली असते. त्यांना मी काय सांगू? तुमचं मन कच्चं?"

"मन कच्चं असं मी कुणालाच म्हणत नाही. माझं म्हणणं साधं आहे. निकोटिन सोडायचंय ना, मग निकोटिनच तोंडात कशाला ठेवायचं? शरीराला त्याचा विसर पडू दे की."

"सिगारेटमधलं निकोटिन आणि गममधलं निकोटिन शरीरात सारख्या वेगानं जात नाही, म्हणून. झुरका मारला की दहा-वीस सेकंदांत ते मेंदूत पोचतं. सवय जडते ती त्या झटक्याची. गममधून ते गालाच्या आतल्या बाजूनं सावकाश झिरपतं. झटका बसत नाही, नुसती तलफ बोथट होते. आणि कॅन्सर, हृदयविकार, फुप्फुसं निकामी होणं हे मुख्यतः धुरामुळे होतं. डांबर, कार्बन मोनॉक्साइड, जळालेल्या पानातली बाकीची रसायनं. निकोटिन माणसाला बांधून ठेवतं, मामा. मारतो तो धूर."

यांना हे पटलं की नाही ते कळलं नाही, पण मला हे प्रत्येक घरात सांगावंसं वाटतं. गम खाणारा माणूस अजून व्यसनातच आहे, असं म्हणून आपण त्याला हिणवतो आणि तो वैतागून परत पानाच्या गुमटीवर जातो.

भाचीनं पुढे सांगितलं की जागतिक आरोग्य संघटनेनं जुलै २०२४ मध्ये तंबाखू सोडवण्याच्या उपचारांबद्दल पहिल्यांदाच मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत निकोटिनचे गम आणि पट्ट्या आहेत, व्हॅरेनिक्लिन, ब्युप्रोपिऑन आणि सायटिसिन या गोळ्या आहेत. गम किंवा पट्टीनं सिगारेट सुटण्याची शक्यता साधारण दीडपट होते, आणि हे शंभराहून अधिक चाचण्यांतून दिसलेलं आहे.

"दीडपट कशाच्या?" यांनी विचारलं. आयुष्यभर कारखान्यात माल तपासलेल्या माणसाचा हा प्रश्न होता, आणि तो विचारायलाच हवा होता.

"कुठलीही मदत न घेता सोडायला गेलेल्या १०० जणांपैकी सहा महिने ते वर्षभरानंतर तीन ते पाच जण सिगारेटविना असतात."

"म्हणजे गमनं पाच-सात. नव्वदांहून जास्त लोकांची तुझ्या गमनंही सुटत नाही."

"चाचण्यांमध्ये सगळ्यांनाच थोडा सल्ला मिळतो, म्हणून तिथले आकडे याहून मोठे असतात. पण एका प्रयत्नात बहुतेकांची सुटत नाही, हे खरं आहे." मग ती थोडं थांबून म्हणाली, "आणि मामा, तुमच्या बाजूचा पुरावाही मीच सांगते. सिडनी विद्यापीठातल्या सायमन चॅपमन आणि रॉस मॅकेन्झी यांनी २०१० मध्ये एक लेख लिहिला. ज्यांची कायमची सुटली आहे अशा माणसांना विचारलं, तर दोनतृतीयांश ते तीनचतुर्थांश लोक सांगतात की आम्ही कुठलीही मदत न घेता सोडली. चॅपमन यांची तक्रार अशी की संशोधन सगळं औषधांवर होतं, आणि ही एवढी माणसं नेमकं काय करून सुटली ते कुणी विचारायलाच जात नाही."

"बघ! मी काय म्हणत होतो?"

"पण मगाशी तर एकट्यानं शंभरात चारच सुटतात म्हणालात," पांढुर्ण्याचा मुलगा गोंधळून म्हणाला. "मग बहुतेक लोक एकट्यानं कसे सुटले?"

या प्रश्नावर भाचीनं वही मागून घेतली. समजा १,००० माणसं एकट्यानं सोडायला निघाली आणि शंभरी चार सुटली, तर ४० जण सुटले. समजा १०० माणसं गम घेऊन निघाली आणि शंभरी सहा सुटली, तर सहा जण सुटले. आता सुटलेल्या या ४६ जणांना एकत्र बसवून विचारा. ४० जण म्हणतील, आम्हाला औषध लागलं नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. औषधानं एकेकाची शक्यता वाढते. तरी सुटलेल्यांत बहुसंख्य बिनऔषधाचे असतात, कारण मुळात निघालेच तसे जास्त.

मला हा हिशेब फार महत्त्वाचा वाटतो. यांच्यासारखे सुटलेले लोक भेटले की बिनऔषधाचा रस्ताच खरा असं वाटू लागतं, कारण त्या रस्त्यावर मागे पडलेले ९६ जण आपल्याशी त्याविषयी बोलत नाहीत. आणि डॉक्टरांकडे नेमके तेच ९६ जण जातात, म्हणून त्यांना वाटतं की औषधाविना कुणाचीच सुटत नाही. मामा आणि भाची आयुष्यभर वेगवेगळ्या माणसांना भेटत आले आहेत.

बिनऔषधाचे निघणारेच जास्त, ही गोष्ट आपल्याकडे तर जास्तच खरी आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत मध्य प्रदेशात दर १०० प्रौढांपैकी ३४ जण कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेताना आढळले. धूर काढणारे त्यांतले दहा. देशभरात सिगारेट ओढणाऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट लोक विडी ओढतात. विडीचं पान तर आमच्याच राज्यातलं. तेंदूपत्त्याचा व्यापार मध्य प्रदेश सरकारनं १९६४ मध्ये आपल्या हाती घेतला, आणि उन्हाळ्यात बैतुल, सिवनीच्या जंगलांतल्या बायामाणसांच्या हातात येणारा रोकडा पैसा याच पानाचा असतो. विडी सारखी विझते, म्हणून ओढणारा वारंवार आणि खोल झुरके घेतो, आणि सिगारेटपेक्षा लहान दिसणाऱ्या त्या विडीतून विषारी वायू कमी जात नाहीत, उलट जास्त जातात. अशा माणसाला कुणी गम देऊ केलेला नसतो. गमचं पाकीट विडीच्या बंडलापेक्षा कितीतरी महाग. त्यानं सोडलीच तर तो बिनऔषधाचीच सोडणार आहे.

"म्हणूनच म्हणतो," हे म्हणाले, "गरिबाला उद्या मिळणार नाही असं औषध सांगून आज त्याचा धीर कशाला घालवायचा? आणि ही सगळी कंपन्यांची दुकानदारी."

"कंपन्या विकतात हे खरं. पण गमची सुरुवात पाणबुडीतून झाली, मामा. स्वीडनच्या नौदलातल्या खलाशांना पाणबुडीत सिगारेट ओढता यायची नाही, म्हणून ते तंबाखू चघळायचे आणि त्यांची तलफ भागायची. हे पाहून तिथल्या एका संशोधकानं औषध कंपनीतल्या ओव्हे फेर्नो यांना कळवलं. फेर्नो स्वतः ओढणारे. त्यांनी पुढची काही वर्षं घालवून निकोटिनचा गम तयार केला आणि १९७८ मध्ये तो पहिल्यांदा स्वित्झर्लंडमध्ये विकायला आला. खरी चूक होते ती गम वापरण्यात: पहिल्याच दिवशी माणसं तो बडीशेपेसारखा भराभर चावतात, सगळं निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं, उचक्या लागतात, जळजळतं, मग म्हणतात की गम कुचकामी आहे. दोन-चारदा चावून गालात धरून ठेवायचा, चव गेली की परत चावायचा, हे दुकानदार सांगत नाही."

मुलगा खाली बघत होता. त्यानं उचक्या अनुभवल्या असाव्यात.

एका बाबतीत मात्र भाचीनं मामांची बाजू पूर्ण उचलून धरली. रोज एकेक कमी करत न्यायची की ठरवलेल्या दिवशी एकदम थांबायची? ऑक्सफर्डच्या संशोधकांनी जवळजवळ ७०० जणांवर केलेली आणि २०१६ मध्ये छापून आलेली चाचणी तिनं सांगितली. एकदम थांबलेल्यांपैकी चार आठवड्यांनी १०० मागे ४९ जण टिकून होते. हळूहळू कमी केलेल्यांपैकी ३९. दोन्ही गटांना निकोटिनच्या पट्ट्या वगैरे दिलेल्या होत्या, हेही तिनं सांगून टाकलं. "पण मीसुद्धा आता दिवस ठरवून एकदमच थांबायला सांगते. कमी करत गेलं की उरलेली प्रत्येक सिगारेट जास्तच हवीशी होते."

मग हे आपली गोष्ट सांगू लागले. एका सकाळी उठलो, ठरवलं, संपलं. ही गोष्ट मी पुष्कळदा ऐकली आहे आणि एरवी गप्प बसते. या खेपेला बोलले, कारण ऐकणारा मुलगा एकटा राहतो आहे आणि त्याला वाटू लागलं होतं की एका सकाळी तसं बळ अंगात येतं.

"अहो, तुमच्याच कारखान्यातल्या एकानं तुमच्याबरोबर सोडली होती," मी म्हटलं. "डबा खाऊन झाल्यावर तुम्ही दोघं बाहेर न जाता आतच बसायचात. सकाळी तुम्ही आपल्या वळणावरून बस धरणं बंद केलंत आणि पुढच्या थांब्यापर्यंत चालत जायला लागलात, कारण आपल्या वळणावर गुमटी होती. आणि हिचे बाबा रोज रात्री फोन करायचे, तो कशाला? मीच त्यांना सांगून ठेवलं होतं."

भाचीला हे माहीत नव्हतं. तिचे वडील आता नाहीत. ती काही वेळ काही बोलली नाही.

मला जे म्हणायचं आहे ते इथेच आहे. यांनी औषध घेतलं नाही, पण एकट्यानंही सोडली नाही. बिनऔषधाची सोडणारे बहुतेक जण नकळत पुष्कळ व्यवस्था करतात. जागा बदलतात, वेळा बदलतात, कुणाला तरी विश्वासात घेतात. मागाहून सांगताना हे सगळं गळून जातं आणि उरतो फक्त निश्चय. मग पुढचा माणूस निश्चय तेवढा घेतो, व्यवस्था काहीच करत नाही, पडतो, आणि स्वतःला दुबळा समजू लागतो. चॅपमन म्हणतात ते इथे लागू पडतं: सुटलेल्यांना विचारायला हवं, आणि त्यांच्या घरच्यांनाही.

व्यवस्था म्हणजे काय, ते आमच्या भागापुरतं सांगते. सल्ला देणारे सगळे म्हणतात की घरातलं पाकीट फेकून द्या, लायटर फेकून द्या. मिसरोदला होशंगाबाद रस्त्यावर उभं राहून बघा. ग्यारह मीलकडे आणि पुढे कलियासोतच्या पुलावरून मंडीदीपला जाणाऱ्या गाड्यांची वाट पाहत माणसं उभी असतात. सिगारेट सुट्टी मिळते, लायटर गुमटीलाच दोरीनं बांधलेला असतो. फेकून द्यायला त्यांच्या खिशात काही नसतंच. २०१६ पासून पाकिटाच्या ८५ टक्के जागेवर इशाऱ्याचं चित्र असतं, २०१८ पासून त्यावर मदतीचा फोन नंबरही असतो, पण सुट्टी घेणाऱ्याला पाकीट कुठे दिसतं? इथे पाकिटाऐवजी रस्ता बदलावा लागतो, उभं राहायची जागा बदलावी लागते, चहाचा सोबती निदान काही आठवडे बदलावा लागतो.

चहावरून भाचीनं जे सांगितलं ते मलाही नवीन होतं. सिगारेटच्या धुरामुळे यकृत चहा-कॉफीतलं कॅफीन भराभर पचवतं. धूर थांबला की तो वेग उतरतो आणि तेवढ्याच चहातलं कॅफीन रक्तात बराच जास्त वेळ राहतं. छाती धडधडते, झोप लागत नाही, हात थरथरतो, आणि माणसाला वाटतं की हे सगळं सिगारेट सोडल्यामुळे होतंय, एक ओढली की बरं वाटेल. "म्हणून ज्या दिवशी सिगारेट बंद, त्या दिवशी चहा निम्मा," ती म्हणाली. दम्याच्या थिओफायलीनच्या गोळ्यांचंही असंच. धूर थांबला की तीच गोळी जास्त लागू पडते, म्हणून डॉक्टरांना सांगून तिचं प्रमाण बदलून घ्यावं लागतं. १९८४ च्या वायुकांडानं ज्यांची फुप्फुसं दुखावली अशी माणसं या शहरात अजून गल्लोगल्ली आहेत. त्यांच्या घरी ही गोष्ट माहीत असायला हवी.

"निकोटिन स्वतः फार टिकत नाही," तिनं मुलाला सांगितलं. "रक्तातलं दर दोन तासांनी निम्मं होतं. म्हणून सकाळी उठल्याउठल्या तलफ येते. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट. चिडचिड, भूक, डोकं जड, लक्ष लागत नाही, पोट साफ होत नाही, कधी खोकला वाढतो. दोन ते चार आठवड्यांत हे ओसरतं. त्यानंतर येते ती तलफ शरीराची कमी आणि ठिकाणांची जास्त: तीच गुमटी, तीच पाळी, लग्नातला तोच मित्र."

"आणि ती तलफ काही मिनिटांची असते," हे म्हणाले. "तेवढा वेळ काढता आला पाहिजे. मी पाणी प्यायचो, चालायचो. माझ्या वेळी हे कुणी सांगितलं नाही, आपलं आपण कळलं."

"बरोबर. मामा, हे तुम्ही सांगा लोकांना. 'ठरव आणि सोड'पेक्षा हे उपयोगाचं आहे."

पहिल्या आठवड्यात हे माझ्याशी, मुलांशी, दूधवाल्याशी, सगळ्यांशी भांडले होते. ती चिडचिड निकोटिन उतरण्याचा भाग आहे आणि ती जाणार आहे, हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर ते दिवस मला वेगळे गेले असते. पुष्कळ बायका त्या आठवड्यात वैतागून म्हणतात, "त्यापेक्षा ओढा एखादी." घरच्यांना आधी समजावलं पाहिजे. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात, १९८६ मध्ये अनिल आणि सुनंदा अवचट यांनी ते सुरू केलं तेव्हापासून, रुग्णाइतकंच त्याच्या घरच्यांकडे लक्ष दिलं जातं. तिथे व्यसनी माणसांच्या बायकांचा 'सहचरी' गट चालतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेच्या पुढाकारानं २०१६ पासून चाललेलं 'मुक्तिपथ' दारू आणि तंबाखूचा प्रश्न गावाचा म्हणून हाती घेतं. सिगारेट हा मात्र आपण अजून एकेका माणसाचा खाजगी मामला मानतो.

निकोटिन न देता, पण माणसांच्या मदतीनं सोडवण्याचाही रस्ता आहे, हे भाचीनंच सांगितलं. लंडनचे हिशेबनीस ॲलन कार दिवसाला १०० सिगारेटी ओढायचे. त्यांनी १९८३ मध्ये सोडली आणि पुढे लोकांना बसवून सोडवायचे वर्ग सुरू केले. त्यांत गम नाही, पट्टी नाही, नुसतं बोलणं आणि पाठपुरावा. लंडनमध्ये या वर्गांची तिथल्या सरकारी सेवेशी, म्हणजे समुपदेशन आणि औषधं दोन्ही देणाऱ्या सेवेशी, तुलना केली गेली. २०२० मध्ये निकाल आला: सहा महिन्यांनंतर दोन्हीकडे १०० मागे १५ ते २० जण टिकले होते, आणि एक पद्धत दुसरीहून सरस ठरवण्याइतका फरक नव्हता. २०२१ मध्ये इंग्लंडच्या 'नाइस' या संस्थेनं आपल्या शिफारशींत या वर्गांनाही जागा दिली. दिल्लीतल्या गरीब वस्त्यांमध्येही एक प्रयोग झाला: पंधरा मिनिटांचा समजुतीचा सल्ला आणि श्वासाचा योगाभ्यास एकदा शिकवणं. अगदी त्रोटक सल्ला मिळालेल्यांपेक्षा त्या गटातले जास्त लोक सुटले, पण सहा महिन्यांनंतर तेही शंभरी तीनच्या आतच होते. मला हे आकडे निराशेचे वाटत नाहीत. एका वस्तीत पंधरा मिनिटं बसून शंभरातल्या दोघांचा धूर थांबत असेल, तर आशा कार्यकर्त्यांपासून कारखान्याच्या दवाखान्यापर्यंत प्रत्येकानं ती पंधरा मिनिटं द्यावीत.

शेवटचा वाद खरा कडाक्याचा झाला. हे म्हणाले, "एक झुरकासुद्धा नाही. एक ओढली की संपलं." भाची म्हणाली, "संपत नाही. घसरलेला माणूस दुसऱ्या दिवशी परत सुरुवात करू शकतो. 'संपलं' असं सांगितलं की तो पूर्ण पाकीट ओढून मोकळा होतो." दोघंही मागे हटेनात. मला वाटतं, हे दोन सल्ले दोन वेळांचे आहेत. सोडायच्या आधी आणि सोडताना यांचा नियम हवा, कारण एका झुरक्यानं सवय परत जागी होते हे पुष्कळांच्या बाबतीत दिसतं. झुरका मारून झाल्यावर मात्र भाचीचा सल्ला हवा. त्या घडीला यांचा नियम ऐकवणं क्रूर आहे, आणि हे मी यांना तोंडावर सांगितलं.

"मग मी काय करू?" मुलानं विचारलं.

भाचीनं त्याला विचारलं की उठल्यावर पहिली सिगारेट किती वेळानं लागते. "बस येईपर्यंत. तासभर तरी," तो म्हणाला. "मग तू औषधाविना प्रयत्न करून बघायला माझी हरकत नाही. जाग आल्यापासून अर्ध्या तासात, त्यातही पाच मिनिटांत ज्यांना लागते, त्यांची ओढ फार जबर असते. जे निराशेच्या आजारानं त्रस्त आहेत, ज्यांनी पुष्कळदा सोडून परत धरली आहे, अशांना मी एकट्यानं सोडा म्हणून पाठवणार नाही. तुलाही पहिल्या आठवड्यात झेपलं नाही तर गम घे, नीट चावायला शिक, त्यात कमीपणा नाही. आणि एक लक्षात ठेव: सिगारेट सोडून खैनी किंवा गुटखा धरायचा नाही. आपल्याकडे कितीतरी जण तसं करतात आणि सोडली म्हणून सांगतात." राष्ट्रीय तंबाखू मदतवाहिनीचा १८००-११-२३५६ हा नंबर तिनं वहीत लिहून दिला. २०१६ मध्ये दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधून सुरू झालेली ही सेवा आहे आणि फोनला पैसे पडत नाहीत.

"आणि माझा नंबर आहेच," हे म्हणाले. "रात्री केव्हाही खाली ये."

"काका, रात्रपाळीचं काय करू? तीन वाजता आमची सगळी लाइन बाहेर जाते."

"पहिले दोन आठवडे दिवसपाळी मिळते का बघ," भाची म्हणाली. "जागरणात तलफ सोसणं अवघड असतं."

"नाही मिळाली तर बाहेर जाऊ नकोस. आतच बस, पाणी पी," हे म्हणाले. "आणि लाइनवरच्या एकाला तरी सांगून ठेव."

मुलानं थोडा विचार केला. "सुपरवायझरला सांगतो. त्याची मुलगी रोज त्याच्याशी यावरून भांडते. तोही सोडायचं म्हणतोय."

"मग दोघांचा दिवस एकच धरा," हे म्हणाले.